पाठीला पाठ

मामा : ही बघ! नुसती उभी आहे तरी पळतेय असं वाटतं. चावी लावायच्या आधीच माझ्या अंगावर काटा आला.

भाची : उतर, मामा.

मामा : बसलो तर झिजते का ती?

भाची : तू बसलास की ठरतं. मागच्या वेळी हेच केलंस. बसलास, मूठ पिळलीस आणि तिथल्या तिथे सही करून मोकळा झालास. मी दुकानात पोचले तेव्हा तू पेट्रोल भरायला गेला होतास.

मामा : आणि अकरा वर्षं चालवली ती गाडी. वाईट होती का?

भाची : उतर म्हटलं ना.

दुकानवाली : बसू द्या की त्यांना. काका, उंची बरोबर आहे ना? दोन्ही पाय टेकतायत?

मामा : काका नका म्हणू हो. एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं. मामा म्हणा. शर्यतीत सगळे मला मामाच म्हणतात. सायकलवाले, पंच, रस्ता अडवून उभे राहणारे पोलीससुद्धा.

दुकानवाली : शर्यतीत? तुम्ही शर्यतीत भाग घेता?

भाची : नाही हो. सायकलींच्या शर्यती असतात, त्यांचं मी चित्रण करते, टीव्हीसाठी. मामा मोटारसायकल चालवतो, मी मागे कॅमेरा घेऊन बसते.

मामा : नुसती बसत नाही, उलटी बसते! तोंड मागे, पाठीला पाठ. एरवी माझं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या बनवतो, अडकलेली दारं उघडून देतो. पण शर्यतीच्या रविवारी दुकानालाच कुलूप.

दुकानवाली : उलटी? चालत्या गाडीवर?

भाची : सायकलवाले मागून येतात ना. त्यांचे चेहरे हवे असतात. दात ओठ खाऊन चढावर येणारा चेहरा. पाठी दाखवल्या तर लोक टीव्ही बंद करून झोपतील.

दुकानवाली : म्हणजे पुढचं तुम्हाला काहीच दिसत नाही.

भाची : काही नाही. खड्डा मागे पडला की कळतं, खड्डा होता.

मामा : आणि मला मागचं दिसत नाही. अकरा वर्षांत ही काम करताना कशी दिसते ते मी पाहिलेलं नाही. आरशात हिचा एक खांदा दिसतो तेवढाच.

दुकानवाली : मग बोलता कसं? वारा, हेल्मेट, लोकांचा आरडाओरडा.

मामा : कोपरानं! तिचं डावं कोपर माझ्या बरगडीत. एकदा ढोसलं की हळू हो. दोनदा ढोसलं की पुढे काढ. आणि कोपर टेकवून नुसतं ठेवलं की आहे तसा चाल, अजिबात हलू नकोस. घरी आल्यावर बरगडी बघितली तर हिरवीनिळी. मामी विचारायची, सायकली बघायला जाता की मार खायला?

दुकानवाली : आणि सायकलवाले किती वेगानं येतात?

भाची : तोच तर प्रश्न आहे. सपाटीवर चाळीस, उतारावर ऐंशी. पण खरी शर्यत चढावर होते, आणि तिथे ते माणूस चालतो तसे येतात. कधीकधी त्याहून हळू. त्यांच्या पुढे चार हात अंतर ठेवून तेवढ्याच वेगानं जायचं. अर्धा तास. धक्का न देता.

दुकानवाली : मग मी खरं सांगू का?

मामा : सांगा, सांगा. गाडी विकणाऱ्यानं खरं सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

दुकानवाली : ही गाडी तुमच्या कामाची नाही. मी बारा वर्षं खाली वर्कशॉपमध्ये होते, आता वर आणून बसवलंय मला. अशा कितीतरी गाड्या खोलल्यात. ही हळू चालायला बनलेलीच नाही. अगदी हळू चालताना रेस दिली तर आधी काहीच होत नाही. मग एकदम अंगावर येते.

मामा : म्हणजे जिवंत आहे.

भाची : आमची जुनी अशीच जिवंत होती. तिला सगळे तोफ म्हणायचे.

मामा : प्रेमानं म्हणायचे.

भाची : माझ्या गळ्याजवळच्या हाडाला विचार, प्रेमानं का ते.

दुकानवाली : पडलात?

भाची : गेल्या हंगामाची शेवटची शर्यत. पाच महिने झाले. हाड जुळलंय आता, फक्त थंडीत दुखतं.

मामा : तोफेनं उडी मारली हो! चढ, त्यात वळण, आणि नेमका तेव्हाच पहिल्या सायकलवाल्यानं जोर काढला. हिनं दोनदा ढोसलं, मी मूठ पिळली आणि गाडीनं अशी उडी मारली, अशी... मी पुढे आणि ही रस्त्यावर. गाडी माझ्याखालून निसटून कठड्यावर गेली. चेसिस वाकली. भंगारात दिली. वाईट वाटलं, पण दिली.

भाची : गाडीचं काय नाव घेतोस. माझा पट्टा लावायचा राहिला होता. कमरेला पट्टा असतो, गाडीला अडकवायचा. चॅनलवाल्यांना मी तसं लिहूनही दिलंय.

मामा : काय लिहून दिलंयस?

भाची : सोड ना.

दुकानवाली : माफ करा, पण एकाच पडण्याची दोन कारणं ऐकली मी. हे म्हणतात गाडीनं उडी मारली. तुम्ही म्हणता पट्टा राहिला.

मामा : पट्टा कसा राहील? मी स्वतः ओढून बघितला होता, झटक्यानं कडी तुटली त्याची. दर वेळी बघतो. तू चॅनलला खोटं लिहून दिलंस?

भाची : मामा, आपण गाडी बघायला आलोय.

मामा : गाडीचंच बोलतोय मी. मॅडम, तुम्ही ऐका. चॅनलनं आम्हाला काय सांगितलंय माहीत आहे? महिन्याभरात पहिली शर्यत आहे. त्याच्या आधी हळू चालणारी, भरवशाची गाडी दाखवा, नाहीतर मुलीला दुसरा चालक देतो. दुसरा चालक! तो मिशाळ आहे ना एक, ब्रेक मारला की जगाला कळवणारा, त्याच्या मागे बसायचं म्हणे हिनं.

भाची : अजून बसलेली नाही.

मामा : बसूही नये! म्हणून तर आलोय ना गाडी घ्यायला.

भाची : हळू चालणारी सांगितलंय त्यांनी. आणि तू शिरल्या शिरल्या दुकानातल्या सगळ्यात माजोरड्या गाडीवर जाऊन बसलास.

मामा : हिला बटण आहे. हे बघ. मॅडम, हे मोडचं बटण ना? दाबलं की गाय होते.

दुकानवाली : बरीच सौम्य होते, खरंय.

भाची : आणि तू ते किती दिवस दाबलेलं ठेवशील?

मामा : कायम.

भाची : खरं सांग.

मामा : दोन दिवस.

दुकानवाली : तिकडे कोपऱ्यात एक आहे. ती राखाडी. ताकद हिच्या निम्मी, पण पहिल्या थेंबापासून मिळते. हळूहळू वाढत जाते, मध्ये कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही. क्लच धरून न ठेवता पहिल्या गिअरमध्ये माणसाबरोबर चालेल. सीटही बुटकी आहे, मागचा माणूस खाली राहतो.

मामा : ही? हिच्यावरून टपाल वाटतात.

दुकानवाली : वाटतात. आणि दिवसातून दोनशे वेळा थांबतात नि निघतात. म्हणून तर सांगतेय.

मामा : मॅडम, तुमचं सगळं बरोबर. पण असल्या मऊ गाडीत हाताला काही लागतच नाही हो. मूठ पिळली की हाताला कळलं पाहिजे, हां, पिळली! गाडीनं उत्तर दिलं पाहिजे. ही काय, मुकी.

भाची : पूर्वी तू असं म्हणायचा नाहीस.

मामा : काय म्हणायचो?

भाची : चांगली गाडी म्हणजे जी आहे हे विसरायला होतं, असं म्हणायचास. मी सतरा वर्षांची होते, बाजाराच्या मोकळ्या मैदानात तू मला गाडी शिकवलीस तेव्हा.

मामा : वय वाढलं की आवडी बदलतात.

भाची : बरं. मॅडम, दोन्ही गाड्या मागच्या अंगणात काढता येतील? आणि एक विनंती आहे. विचित्र वाटेल.

दुकानवाली : उलटं बसण्याहून विचित्र?

भाची : गाडी मी चालवणार. मामा मागे बसणार, उलटा. आणि तुम्ही सायकलवाला व्हायचं. सायकल नको, नुसतं मागून चालत या.

मामा : मी मागे? डोकं फिरलंय का तुझं?

भाची : अकरा वर्षं मी बसले. तू दहा मिनिटं बस.

(दुकानाच्या मागचं फरसबंद अंगण. दोन्ही गाड्या बाहेर काढलेल्या. आधी मोठी.)

मामा : पाय कुठे ठेवायचे?

भाची : मागच्या पायठेव्यांवर, टाचा आत. हा पट्टा कमरेला. ओढून बघ.

मामा : बघितला. हाताला धरायला काय आहे?

भाची : काही नाही. हातात कॅमेरा असतो. तू फोन धर आणि मॅडमना चित्रात ठेव. त्यांचं डोकं कापायचं नाही, पाय कापायचे नाहीत. हळू हवं असेल तर एकदा ढोस, पुढे हवं असेल तर दोनदा.

मामा : आणि पडलो तर?

भाची : तर पट्टा राहिला होता असं मी लिहून देईन.

दुकानवाली : मी कशी येऊ? नेहमीसारखी चालू?

भाची : नेहमीसारखी. मधूनच जरा जोरात चाला, मधूनच दमल्यासारखं करा. निघते. मामा, तयार?

मामा : थांब, थांब... अगं, हे अंगण माझ्यापासून लांब चाललंय!

भाची : असंच दिसतं. मॅडमकडे बघ, अंगणाकडे नको.

मामा : बघतोय... आई गं! काय केलंस?

भाची : काही नाही. जरा रेस दिली.

मामा : जरा? माझी मान गेली! मॅडम, तुम्ही आहात का? आकाश दिसतंय मला.

दुकानवाली : इथेच आहे. आता जोरात चालतेय हं.

भाची : मामा, ढोस की. त्या जवळ आल्यात.

मामा : ढोसतोय! हे बघ!

भाची : ते एकदा होतं की दोनदा?

मामा : मलाच कळलं नाही... अगं हळू! अगं, पोट पुढे राहिलं माझं! थांबव, थांबव!

भाची : थांबले. उतर आता. नीट, टाच अडकेल. आता राखाडी.

मामा : जरा श्वास घेऊ दे. मॅडम, हसू नका.

दुकानवाली : नाही हसत. पण तुम्ही गाडीचा एवढा मोठा चाहता आणि चेहरा असा...

मामा : तुम्ही पुढे बसून बघा म्हणजे कळेल. नाही, पुढे नाही, मागे. जीभ पण उलटी बसली माझी.

भाची : बसलास? पट्टा?

मामा : ओढला. दोनदा ओढला.

भाची : निघते.

मामा : निघ.

भाची : निघाले की.

मामा : निघालीस? अरे, हो. अंगण जातंय. बरं जातंय. मॅडम, या, या. छान येताय तुम्ही.

दुकानवाली : आता दमल्यासारखं करते.

मामा : करा. ढोसलं, बघ, एकदाच... वा! हळू झाली. लगेच झाली! आणि मॅडम तेवढ्याच दिसतायत. हलत नाहीत चित्रात. अगं, तुझी पाठ लागते माझ्या पाठीला. सगळं कळतं त्यातून, तू रेस देणार हे आधीच कळतं. खांदा जरासा...

भाची : हो. कळतं.

मामा : थांबव आता. झालं. पटलं मला. थांबव.

दुकानवाली : बघू, काय काढलंत? अगंबाई, हे पहिलं बघा! माझं डोकं कुठे गेलं? हे पाय. हे परत आकाश. आणि हे दुसरं... हे छान आहे हो.

मामा : मी काढलंय.

दुकानवाली : मी चालताना अशी दिसते? मला वाटायचं मी फेंगडी चालते. नवरा वीस वर्षं तेच सांगतोय. हे मला पाठवा, त्याला दाखवते.

भाची : पाठवते. मामा, आता तुझी पाळी. राखाडीवर तू पुढे, मी मागे. मी कॅमेरा आणलाय.

मामा : नको.

भाची : नको म्हणजे?

मामा : तू चालवलीस ना. चांगली आहे गाडी. घेऊन टाकू. रंग कुठलाही चालेल.

भाची : अकरा वर्षांत गाडी चालव म्हटल्यावर तू नको म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मामीनं भाजी आणायला सांगितलं तरी तू गाडीचे बूट चढवतोस.

मामा : दमलोय.

दुकानवाली : मी चहा सांगू का? मी जरा आत...

मामा : नाही, थांबा तुम्ही. तुम्ही असलात तर बोलता येईल मला, ही रडायला लागणार नाही.

भाची : मी कधी रडले?

मामा : मग मी रडणार नाही असं म्हण. तोफेनं उडी मारली नव्हती. ती बिचारी होती तशीच होती. हात होता. माझा हा उजवा हात. ही तीन बोटं झोपतात. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही गेल्या. त्या दिवशी वळणावर तू दोनदा ढोसलंस, मी मूठ पिळली आणि किती पिळली ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा तू रस्त्यावर होतीस.

भाची : हं.

मामा : नुसतं हं? मी तुझं हाड मोडलं, सगळ्यांना गाडीचं नाव सांगत फिरलो, पाच महिने फिरलो, आणि तू हं म्हणतेस?

भाची : मला माहीत होतं.

मामा : काय माहीत होतं?

भाची : हात. त्या शर्यतीच्या तीन महिने आधीपासून. पूर्वी तू रेस द्यायचास तेव्हा तुझी पाठ हलायची नाही. नुसतं मनगट. मग खांदा हलायला लागला. आधी खांदा, मग गाडी. आत्ता तूच म्हणालास ना, पाठीतून सगळं कळतं.

मामा : तेव्हाच का नाही बोललीस?

भाची : वाटलं, तू सांगशील. चूक झाली माझी. मी त्या दिवशी कोपर टेकवून ठेवायला हवं होतं, दोनदा ढोसायला नको होतं. मला ठाऊक होतं आणि तरी ढोसलं, कारण चेहरा चांगला मिळत होता. म्हणून पट्ट्याचं लिहून दिलं. अगदीच खोटं नाही वाटलं ते.

दुकानवाली : म्हणजे तीन कारणं झाली.

मामा : आता मला सांग, ती माजोरडी गाडी...

भाची : तेही कळलं. मघाशी दुकानात तू म्हणालास ना, हाताला कळलं पाहिजे. जोरात उत्तर देणारी असली तर झोपलेल्या बोटांनाही ऐकू येईल, असं वाटलं तुला.

मामा : मूर्खपणा आहे, नाही का?

दुकानवाली : उलट आहे, मामा. बोटांना कळत नसेल तर चुकून जास्त पिळली जाणार, आणि गाडीनं ते पोटात घालायला हवं. मोठी पोटात घालत नाही. चव्हाट्यावर मांडते.

मामा : खरंय तुमचं. दुकानातही तेच चाललंय. कुलपाच्या आत तार घातली की बोटांना खटका लागायचा, माझे डोळे मिटलेले असले तरी. आता लागत नाही. गिऱ्हाइकांना उद्या या सांगतो. उद्या आले की परवा या.

भाची : डॉक्टरकडे गेलास?

मामा : गेलो. तीन आठवडे झाले. मनगटात नस दाबली गेलीय म्हणे. छोटंसं ऑपरेशन, दोन आठवड्यांनी टाके काढायचे, मग महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. लवकर केलं तर बोटं परत जागी होतील, फार उशीर केला तर सांगता येत नाही. तो शांतपणे सांगत होता आणि मी मनातल्या मनात शर्यती मोजत होतो. पहिल्या दोन जातात. दोन शर्यती तू मिशाळाच्या मागे बसलीस की तिसऱ्या शर्यतीला मला कोण विचारणार?

भाची : म्हणून ऑपरेशन नको?

मामा : म्हणून आधी गाडी, मग बघू, असं ठरवलं होतं.

भाची : आणि मला परत त्याच हातामागे बसवणार होतास?

मामा : हो. रात्री नीट झोप लागत नव्हती, पण हो. शरम वाटते आता बोलताना.

भाची : वाटू दे. थोडी वाटायलाच हवी.

मामा : वाटतेय ना.

भाची : मग ऐक. सोमवारी मी चॅनलला सांगितलं, पहिल्या दोन शर्यती मी शेवटच्या रेषेवरच्या मचाणावरून करते. तिथेही कॅमेरा लागतोच. मोटारसायकलवर तिसऱ्यापासून येईन, माझ्या चालकाबरोबर.

मामा : सोमवारी? तुला तर ऑपरेशनचं माहीतही नव्हतं.

भाची : हात माहीत होता. काहीतरी करावं लागणार हे माहीत होतं. दोन शर्यती पुरतील की नाही याचा अंदाज नव्हता, म्हणून दोनच सांगितल्या. कमी पडल्या तर तिसरीही मचाणावरून.

मामा : मचाणावर तुला कंटाळा येतो. शिडीवर बसलेला पोपट झाल्यासारखं वाटतं म्हणतेस.

भाची : येतो कंटाळा. दोन रविवार येईल.

मामा : आणि ते काय म्हणाले?

भाची : मिशाळ मोकळा आहे म्हणाले. मी म्हटलं, त्याची पाठ मला वाचता येत नाही.

दुकानवाली : चहा सांगतेच मी आता. नको म्हणू नका.

मामा : सांगा. साखर जास्त. आणि मॅडम, ती राखाडी... एक चक्कर मारून बघू का? चालत्या माणसाच्या वेगानं, या अंगणातच. पट्टा मी ओढून बघेन.

भाची : मी मागे बसते.

मामा : नको. आधी एकटा.

भाची : एकट्यानं काय कळणार? तू किती पिळतोस ते तुला समजत नाही, मला समजतं. बस पुढे.

दुकानवाली : मी परत सायकलवाली होते. या वेळी जरा ऐटीत चालते.

मामा : निघतो. अंगठा आणि तळवा, बोटं नुसती सोबतीला. निघालो. कशी आहे?

भाची : गप्प. चालव.

मामा : वळतो आता. वळताना माझा खांदा...

भाची : हलला. पण गाडी नाही हलली. तू जास्त पिळलीस, हिनं ऐकून घेतलं आणि सावकाश गेली. चल, अजून एक. कोपर टेकवलंय बघ.

मामा : टेकवलंयस. कळलं. असाच चालतो.

दुकानवाली : मी दिसतेय का नीट?

भाची : डोक्यापासून पायापर्यंत. थांबव, मामा. हीच.

मामा : हीच. टपालाची तर टपालाची. मिशाळ हसेल, हसू दे. पण या हातानं रस्त्यावर नाही चालवणार मी. अंगणापुरतं ठीक होतं. उद्या सकाळी डॉक्टरला फोन करतो.

भाची : आज.

मामा : आज करतो. चहा झाला की.

दुकानवाली : मग गाडी कधी पाठवू?

मामा : टाके निघाले की पाठवा. चालवणार नाही, नुसती दारात उभी करीन. चॅनलवाल्यांना फोटो पाठवायला होईल, आणि हाताला बघायला होईल कशासाठी बरं व्हायचंय ते.

दुकानवाली : मागचे पायठेवे उलट्या बसणाऱ्या माणसासाठी थोडे सरकवून देते. आणि पट्ट्याला चांगली कडी. असलं काम कुणी सांगत नाही मला हल्ली. वर बसून नुसते कागद भरते.

भाची : द्याल? फार बरं होईल.

मामा : एक विचारू? समजा, नाहीच झाला हात बरा. डॉक्टर म्हणतो होईल, पण समजा.

भाची : तर मी चालवीन, तू मागे बस. कॅमेरा जड आहे, पण जमेल तुला. मॅडमना नीट धरलं होतंस चित्रात.

मामा : नाही बाई, ते नको. कुणाला सांगू नकोस, पण मघाशी मागे बसल्यावर मला मळमळत होतं. राखाडीवरसुद्धा. रस्ता असा लांब लांब जात राहतो ना, पोट ढवळून येतं.

भाची : मला पहिलं वर्षभर होत होतं.

मामा : वर्षभर? दर रविवारी? आणि एका शब्दानं बोलली नाहीस मला?

भाची : तू इतक्या खुशीत चालवत होतास.